उकराउकरी

त्या खोक्यावर आधी माझा हात पडला होता. कबीर काहीही म्हणो, मी आजही हे कुणापुढेही ठासून सांगेन.

मे महिन्यातला शनिवार होता. जर्मनीत आमच्या एर्लांगेनला त्या दिवशी फ्लोमार्क्ट होता, म्हणजे आपला जुना बाजार. पाऊस नुसता भुरभुरत होता — छत्री उघडावी तर लोक हसतील, न उघडावी तर केसांचं वाटोळं. एका आजीबाईंच्या टेबलावर, फुलदाण्यांच्या मागे, मला ते हिरवं खोकं दिसलं. स्क्रॅबल, अक्षरं जुळवून शब्द करायचा खेळ. जर्मन आवृत्ती, कोपरे फाटलेले, पण आतले शंभरेक लाकडी ठोकळे शाबूत. मी झडप घातली, आणि त्याच क्षणी पलीकडून दुसरा एक हात खोक्यावर येऊन बसला.

लांब बोटं, ओलं मनगट. वर पाहिलं तर उंच, कुरळ्या केसांचा एक तरुण, नाकावर बारीक बारीक ठिपके. दिसायला बरा होता. बरा म्हणजे... असो, ते नंतर.

"एंटशुल्डिगुंग, माफ करा," मी माझ्या उत्तमातल्या उत्तम जर्मनमध्ये म्हणाले, "हे मी घेतलंय." आणि मग मराठीत, स्वतःशी, "सोडत पण नाहीये मेला."

"ओढाताण करू नये," तो म्हणाला. "फाटलं की मग रडत बसशील."

चक्क मराठी. तेही एखाद्या आईच्या सुरात. मी जीभ चावली.

"तुम्हाला... मराठी येतं?"

"आईचं येतं. म्हणजे ती बोलते तेवढं." त्याने जरा विचार केला. "रागवायचं सगळं येतं. बाकीचं कमी."

मला हसू फुटलं. खोकं मात्र मी सोडलं नाही. त्यानेही नाही.

त्याला त्यातले फक्त तीन ठोकळे हवे होते. घरच्या सेटमधले दोन 'ई' आणि एक 'क्यू' हरवले होते आणि त्याची आई त्याच्यावरच आळ घेत होती. मला सगळेच हवे होते. मागच्या कोऱ्या बाजूला मराठी अक्षरं काढून मुलांसाठी खेळ करायचा माझा बेत होता. मी विभावरी, मूळची सांगलीची. इथे एका कंपनीत दवाखान्यातली यंत्रं तपासण्याचं काम करते, आणि रविवारी मराठी मंडळाच्या अकरा मुलांना मराठी शिकवते. शिकवते म्हणजे काय, मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तरं देतात. सगळं कळतं कार्ट्यांना, तोंडातून मात्र शब्द काढायचा नाही.

"मी पण तेच करायचो," कबीर म्हणाला.

"मग सुधारलास कसा?"

"सुधारलो असं कोण म्हणालं?"

आम्ही खोकं दोघांत घेतलं आणि समोरच्या बेकरीच्या छपराखाली उभं राहून वाटणी करायला लागलो. तेव्हा मी त्याला या खेळाची गोष्ट सांगितली. मला गोष्टी सांगायची खोड आहे, ऐकणारा देखणा असला की जास्तच.

"शंभर वर्षं होत आली. अमेरिकेत मंदी आलेली. एका आर्किटेक्टची नोकरी गेली. आता घरी बसलेला माणूस काय करतो? बायकोचं डोकं खातो. याने काय केलं, वर्तमानपत्राचं पान समोर घेतलं आणि अक्षरं मोजायला बसला. कुठलं अक्षर किती वेळा येतं. जे सारखं येतं त्याचे ठोकळे जास्त आणि गुण कमी. जे क्वचित येतं त्याचा ठोकळा एकच, पण गुण भरपूर."

"गेनाऊ, अगदी. लॉजिकल आहे."

"लॉजिकल होतं, पण कंपन्यांनी परत पाठवलं. आणि नाव काही जमेना. एक ठेवलं, बदललं, दुसरं ठेवलं, तेही चालेना. शेवटी दुसऱ्याच एका गृहस्थाने तो खेळ बनवायला घेतला आणि त्याने हे नाव ठेवलं. स्क्रॅबल, म्हणजे हाताने चाचपडणं, घाईघाईने ओरबाडून काहीतरी शोधणं."

"म्हणजे खेळ एकाचा, आणि नाव दुसऱ्याने ठेवलं?"

"त्यात काय? बाळ आईचं, नाव ठेवायचा मान आत्याचा."

त्याला हे पटलेलं दिसलं. मग माझ्या हातातल्या ठोकळ्यांकडे बघत म्हणाला, "आल्झो, म्हणजे... मराठीत अक्षरं किती?"

"व्यंजनंच छत्तीस धर. काना, मात्रा, वेलांटी मी फुकट देणार आहे, हवी ती लावा."

"मग हे शंभर पुरणार नाहीत. दोनशे तरी लागतील. आमच्या तळघरात बाबांची करवत आहे." आणि मग, कान लाल करून, "तू... येशील का बघायला?"

"करवत?"

"हो. चांगली करवत आहे."

करवत बघायला बोलावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याने दुकानातून केकचा एक मोठा तुकडा आणला, माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "घेणार?" सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पण पहिल्याच भेटीत हावरटासारखं कसं घ्यायचं? मी म्हटलं, "नको नको, तू घे." त्याने मान डोलावली आणि अख्खा तुकडा एकट्याने खाल्ला. मला तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

मग तो सबंध उन्हाळा मी दर रविवारी वर्ग संपला की सायकल हाणत त्यांच्याकडे जायला लागले. कबीरची आई शैलाकाकू, मूळच्या मिरजेच्या. पस्तीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून आल्या आणि इथल्याच उवेकाकांशी लग्न करून राहिल्या. इतक्या वर्षांत त्या नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, 'अहो' म्हणतात. उवेकाकांना वाटतं ते त्यांचं लाडाचं नाव आहे. शेजारच्या बाईलाही त्यांनी तसंच सांगितलंय.

सांगली-मिरज म्हणजे एका ताटातलीच माणसं. काकू मला आग्रह करकरून वाढायच्या. मी एकदा नको म्हणायचे, दोनदा नको म्हणायचे, तिसऱ्यांदा त्या न विचारताच पोळी टाकायच्या आणि मी मुकाट खायचे. कबीर मात्र भांडं पुढे करून एकदा विचारायचा. नको म्हटलं की भांडं गेलं. मी त्याला मनातल्या मनात कंजूष ठरवून टाकलं होतं.

पण बाकी... काय सांगू. तळघरात करवतीचा भुसा उडायचा, त्याच्या केसांवर बसायचा, आणि तो ठोकळे घासून एकेक माझ्या तळहातावर ठेवायचा. "बघ, टोचतंय का?" मी बोट फिरवून सांगायचे, इथे टोचतंय. टोचत नसलं तरी सांगायचे. मग तो माझ्या बोटाखालून ठोकळा काढून घ्यायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा ठेवायचा. एक ठोकळा आम्ही सात वेळा घासला. त्याचा पार चुरा व्हायची वेळ आली.

अक्षरं मोजायचं काम त्याने अंगावर घेतलं. तो बसच्या वेळापत्रकांचे प्रोग्रॅम लिहितो, त्याच्या हातचा मळ. "तू पेपर घेऊन मोजत बसलीस तर नाताळ येईल," म्हणाला. आता गंमत अशी की त्याला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. देवनागरी म्हणजे त्याच्या लेखी दोरीवर वाळत घातलेले कपडे. पण कॉम्प्युटरला मोजायला वाचता कशाला यायला हवं?

"यादी दाखव तरी," मी म्हणायचे.

"नाही. सगळं झाल्यावर. सरप्राइज."

गणपतीला मी तीन आठवडे सांगलीला गेले. परत आले तेव्हा कळलं, त्याने दोनशेच्या दोनशे ठोकळ्यांवर तापलेल्या सळईने अक्षरं कोरली होती. एक अक्षर वाचता येत नसताना. काकूंनी हळूच सांगितलं, की रोज कामावरून आला की तळघरात. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. मी तेव्हा कपाळावरचे केस मागे सारत "हो का" एवढंच म्हटलं, पण त्या दिवशी घरी जाताना मी दोनदा रस्ता चुकले.

प्रेमात पडले होते. उगाच आडवळणं कशाला घ्या.

आणि ऑक्टोबरात कोलोनची मेल आली.

माझी इथली नोकरी मुदतीची होती, डिसेंबरअखेर संपणार. इथे फार तर एक वर्ष वाढवून मिळालं असतं. कोलोनच्या कंपनीने कायमची जागा देऊ केली. मंडळाच्या दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळपर्यंत कळवा, म्हणाले. सांगलीहून आईबाबांचा दिवसाला दोनदा फोन, "कायमची नोकरी कुणी सोडतं का?" शहाण्या माणसाने जावं असंच सगळं होतं. मला फक्त एका माणसाने जाऊ नकोस म्हणायला हवं होतं. ते झालं असतं तर मी कोलोनकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. काकूंच्या स्वयंपाकघरात मी भांडी घासत होते आणि कबीर पुसत होता. बाहेर पाऊस. मी बातमी सांगितली. तो बराच वेळ एकच ताट पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला... इथेच राहावंसं वाटत नाही का?"

विचारलं, अखेर विचारलं त्याने. आणि मी काय बोलले? मान वेळावून, हसून, अगदी लाडात येऊन म्हणाले, "छे. इथे काय ठेवलंय?"

आपल्याकडचा कुठलाही मुलगा म्हणाला असता, "काही नाही का? नीट आठव बरं." मग मी म्हणाले असते, "नाही आठवत बाई." मग तो... असो. कबीरने ताट कपाटात ठेवलं, फडक्याची चौकोनी घडी केली आणि म्हणाला, "ओके."

बस्स, एवढंच. ओके.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मेल यायला लागल्या. कोलोनमध्ये कुठल्या भागात घर बघावं. आनमेल्डुंगची, म्हणजे पत्ता नोंदवायची वेळ आधी कशी घ्यावी. बावीस खोल्यांची यादी, प्रत्येकीपुढे ट्रामचं अंतर मिनिटांत. ज्याने मला अडवावं म्हणून मी झुरत होते, तो मला पोचवायची तयारी करत होता. रागाने मी त्यांच्याकडे जायचंच बंद केलं. घरी एकटीच रडले, एका संध्याकाळी तर शेगडीवरचं दूध उतू जाईपर्यंत. काकूंचे फोन आले, मी कामाची सबब सांगितली. खेळ तसाच राहिला. अक्षरांची यादी पाहायची राहून गेली, ठोकळे तपासायचे राहून गेले.

आमच्या मंडळाची दिवाळी दिवाळीत होत नाही. हॉल मिळेल तेव्हा होते. यंदा तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मिळाला, चर्चमागचा गेमाइंडेझाल. मंडळाचे अध्यक्ष विनयकाका सिल्कचा झब्बा घालून दारात उभे. त्यांनी खेळाच्या नावासाठी तीन जणांची उपसमिती नेमली होती. उपसमितीच्या चार ऑनलाइन बैठका झाल्या होत्या आणि 'अक्षरवैभव', 'शब्दगंगा' आणि 'ज्ञानसेतू' यांवर एकमत होत नव्हतं.

कबीर आला. हातात काकूंच्या जुन्या इरकली साडीची शिवलेली पिशवी, ठोकळ्यांनी गच्च भरलेली. "हलो," तो म्हणाला. "हलो," मी म्हणाले. दोन शेजारी लिफ्टमध्ये भेटावेत तसं. त्याचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते, पण मी बघितलं नाही असं दाखवलं.

मुलं गोल करून बसली. प्रत्येकाने पिशवीतून सात-सात ठोकळे काढले. पण कुणी ठोकळा पुढे टाकेना. नऊ वर्षांची स्पृहा, जी दोन वर्षांत माझ्याशी मराठीचा चकार शब्द बोलली नव्हती, तिने आपले ठोकळे माझ्याकडे वळवले. ढ, छ, ढ, भ, श, ढ, व. शेजारच्याचे पाहिले. छ, छ, भ, ढ, भ, य, ढ. मी पिशवीत हात घातला. ढ. पुन्हा घातला. छ.

मी तरातरा कबीरकडे गेले. "कुठला पेपर मोजलास तू?"

"पेपर?" तो गोंधळला. "पेपर नाही घेतला. आईच्या फोनमधला मंडळाचा ग्रुप घेतला. आठ वर्षांचा. खूप मोठा होता, एकदम... सगळं खरं मराठी."

"कबीर, आठ वर्षं त्या ग्रुपवर लोक एकच गोष्ट लिहितायत. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"फक्त तेवढंच?"

"कधीकधी पुढे हात जोडलेले असतात."

त्याचा चेहरा उतरला. तीन आठवडे तळघरात बसून या माणसाने सळईने शुभेच्छा कोरल्या होत्या. रागवायचं ठरवूनही मला हसू आवरेना. पोट धरून हसले. तोही हसला, मग दोघांनाही आठवलं की आपण हल्ली बोलत नाही.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं. पण करायला काही उरलं नव्हतं, कारण मागे मुलं खिदळायला लागली होती.

आता ढ या अक्षराचे शब्द आठवा बरं. एक तरी शब्द गंभीर आहे का? अर्थव्यवस्था, शिष्टमंडळ, असं काही त्यातून होतच नाही. ढेकर होतो. स्पृहाला ढ होता, क आणि र नव्हते. तिने पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि शोधायला लागली. बाकीच्यांनीही हात घातले. कुणाला ढोकळ्यासाठी ळ हवा, कुणाला भुतासाठी त. पिशवी एक आणि हात अकरा. मी ओरडणार होते की असं चालत नाही, पण मग म्हटलं, चालू दे. फक्त एक अट घातली, जे अक्षर शोधताय ते मोठ्याने मराठीत मागायचं.

"ळ पाहिजे, ळ!"

"माझा र आहे तो, सोड!"

दोन वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा केला ते असं पिशवीतून बाहेर येत होतं. पाठीमागे आईबाप कॉफीचे कप हातात धरून थबकून ऐकत होते. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

शैलाकाकू ताटं घेऊन आल्या, त्यांनी तो गोंधळ पाहिला आणि म्हणाल्या, "अरे काय ही उकराउकरी लावलीय. कोंबड्यांसारखी."

मुलांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांना तो भारीच आवडला. "उकराउकरी, उकराउकरी," सगळी एका तालात. आणि तेवढ्यात स्पृहाने शेवटचे ठोकळे लावले, मागे सरकली, आणि आयुष्यातला पहिला मराठी शब्द पूर्ण आत्मविश्वासाने सगळ्या हॉलला वाचून दाखवला.

"ढुंगण."

विनयकाकांच्या हातातली चकली खाली पडली. "हे... हे खेळात चालतं का?" त्यांनी मला विचारलं.

"शब्दकोशात आहे, काका."

"असेल. पण दिवाळीचा दिवस—"

कुणी ऐकत नव्हतं. काकांनी टाळ्या वाजवून शांतता केली आणि उपसमितीचा निर्णय जाहीर केला, खेळाचं नाव 'अक्षरवैभव'. मुलं एकदम म्हणाली, नाही, उकराउकरी. आता ही मुलं जर्मन शाळेतली. त्यांनी रीतसर आबश्टिम्मुंग मागितलं, मतदान. हात वर झाले. अकरा विरुद्ध तीन. ते तीन म्हणजे उपसमिती. उवेकाका नियमाने पाहुणे, त्यांना मत नव्हतं, तरी त्यांनी उकराउकरीसाठी दोन्ही हात वर केले.

"म्हणजे आई आत्या झाली," कबीर माझ्या कानाशी म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. इतकं जवळून तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं. मग मला सोमवारची सकाळ आठवली, आणि मी ताटं मांडायला निघून गेले.

जेवणाच्या पंगतीत कबीर श्रीखंड वाढत होता. सत्यजित नावाचा एक मुलगा आठवड्यापूर्वीच पुण्याहून शिकायला आला होता, तो बिचारा विद्यार्थी वसतिगृहात पावावर दिवस काढत होता. कबीरने त्याच्यापुढे भांडं धरलं, "अजून?" सत्यजित म्हणाला, "नको नको, खूप झालं." कबीरने मान डोलावली आणि पुढे गेला. सत्यजितची नजर त्या भांड्यामागे रांगेच्या टोकापर्यंत गेली.

मी हातात पुऱ्यांची टोपली घेऊन तिथेच उभी राहिले. हा कंजूष नाही. याच्या घरात, याच्या बापाच्या देशात, माणसाला एकदा विचारतात आणि त्याने दिलेलं उत्तर खरं मानतात. त्याला मान देणं म्हणतात ते. कबीरने मला विचारलं होतं. जीव गोळा करून, एकच ताट दहा मिनिटं पुसून, विचारलं होतं. आणि मी लाडात येऊन नको नको केलं होतं. मी टोपली विनयकाकांच्या मांडीवर ठेवली आणि धावले.

तो बाहेर सायकलींच्या छपराखाली होता, रिकामे डबे सायकलमागच्या गाडीत भरत. साडेचारलाच अंधारायला लागलं होतं. पाऊस तोच, भुरभुर.

"कबीर. ऑक्टोबरात तू मला काय विचारलं होतंस?"

त्याने डबा खाली ठेवला. "इथे राहावंसं वाटत नाही का."

"आणि मी काय म्हणाले?"

"इथे काय ठेवलंय, म्हणालीस." शब्दन् शब्द पाठ होता. "मग मी घरी बसून विचार केला. एर्लांगेनमध्ये तुझं काय आहे. नोकरी एक वर्षाची. खोली लहान. तुझं बरोबर होतं."

"आणि तू? तू नव्हतास का इथे?"

"मला वाटलं..." तो सायकलच्या घंटीशी चाळा करत होता. "मला पण त्यात धरायचं असतं तर तू सांगितलं असतंस."

मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. "अरे वेड्या, आमच्यात पहिलं 'नको' तोंडदेखलं असतं. दुसरंही तसंच. लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. समोरचा तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा माणूस खरं बोलतो."

"तीनदा?" तो खरोखर हादरला. "आणि त्याला खरंच नको असेल तर?"

"तर तो ताटावर आडवा हात धरतो."

कबीरने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते माझ्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेले होते. "तू धरला नव्हतास," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"तुझे हात साबणात होते."

"हो."

मग तो ताठ उभा राहिला, नोकरीच्या मुलाखतीला राहावं तसा. "आल्झो. मग हे दुसऱ्यांदा. विभावरी... तू इथे राहशील? जाऊ नको. मला नको आहेस तू गेलेली."

मराठी मोडकं होतं, पण सगळं पोचलं. आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या जिभेवर सवयीने 'बघू' आलं होतं. अठ्ठावीस वर्षांची सवय. मी ते गिळलं.

"हो," मी म्हणाले. "राहते. मला तू खूप आवडतोस कबीर, मे महिन्यापासून. त्या मेल्या करवतीपासून."

तो गडबडला. "पण... अजून एक वेळ बाकी होती."

"राहू दे बाकी. तू दोनदा विचारलंस, मी तिसऱ्याची वाट पाहिली नाही. फिटंफाट."

त्याने माझे हात दुपट्ट्यातून सोडवून हातात घेतले. बोटांना सळईचे चटके बसल्याचे डाग अजून होते. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ओठ दोनदा हलले, पण शब्द येईनात.

"जर्मनमध्ये म्हण," मी म्हटलं. "मला कळेल."

"नाही. मराठीतच." तो कासावीस होऊन हसला. "पण माझ्याकडे आईचंच मराठी आहे. आणि ती असं काही म्हणत नाही. तिला खूप प्रेम आलं ना, की ती एकच विचारते." त्याने माझ्या कपाळावरचा ओला केस बाजूला केला. "जेवलीस का?"

माझे डोळे भरून आले, आणि मी म्हटलं, "नाही रे. सकाळपासून काही खाल्लं नाही."

आत जायच्या आधी मी तिथेच, पत्र्याखाली, फोन काढला आणि ओल्या बोटांनी कोलोनला कळवलं. आभारी आहे, येत नाही. सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल धन्यवाद. पुन्हा काही विचारलं नाही त्यांनी.

कबीर मात्र आता सगळं दोनदा विचारतो, आणि तिसऱ्यांदा विचारायची वेळ मी त्याच्यावर अजून येऊ दिलेली नाही.